समुद्रकाकडीच्या सहनशक्तीची सीमा

नावावरून वनस्पती वाटणारी समुद्रकाकडी प्रत्यक्षात तारामाशाच्या गोतावळ्यातील प्राणी आहे. कंटकचर्मी संघातील होलोथुरॉयडिया या वर्गात तिची गणना होते आणि जगभरात तिच्या सुमारे १७०० जाती ज्ञात आहेत. लांबट, मऊ, चामड्यासारखे अंग, एका टोकाला स्पर्शकांनी वेढलेले तोंड व दुसऱ्या टोकाला गुदद्वार अशी तिची साधी रचना असते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील मच्छीमार तिला ‘कडल अट्टै’ म्हणजे समुद्रातील जळू म्हणतात. चीनमध्ये सुकवलेल्या समुद्रकाकडीला मेजवानीत आणि पारंपरिक औषधांत मानाचे स्थान असल्याने बाजारात तिला मोठी किंमत मिळते. तिच्यावरील संशोधनाचा बराच भाग या व्यापारी गरजेतूनच उभा राहिला. त्यातून हाती आलेले निष्कर्ष मात्र व्यापारापुरते मर्यादित नाहीत. शरीरातील अवयव गमावूनही जगणारा हा प्राणी तापलेल्या पाण्यापुढे आणि बेसुमार पकडीपुढे हतबल ठरतो आणि तो नाहीसा झाल्यावर सागरतळाचे आरोग्यही ढासळते.

आतडे टाकून जीव वाचवणारी

समुद्रकाकडीच्या त्वचेखाली एक विशिष्ट प्रकारची संयोजी ऊती असते. चेतासंस्थेच्या आज्ञेनुसार ही ऊती काही क्षणांत कडक किंवा मऊ होते. त्यामुळे हा प्राणी कधी लाकडासारखा ताठ होतो, तर कधी खडकाच्या फटीत सहज शिरतो. श्वसनाची रीतही वेगळीच आहे. गुदद्वारातून पाणी आत घेऊन ते झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या श्वसनवृक्षात खेळवले जाते. काही जाती शत्रूच्या अंगावर चिकट तंतू फेकतात, तर काही जाती संकटसमयी आपले आतडेच बाहेर टाकतात. पूर्व आशियातील ‘अपोस्टिकोपस जापोनिकस’ या जातीत त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत नवे आतडे आकार घेते.

याच जातीचा जनुकीय आराखडा चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ३० हजार जनुके आढळली. सी अर्चिन या नातलग प्राण्याच्या तुलनेत सांगाडा घडवणारी जनुके समुद्रकाकडीत कमी असल्याचे दिसले. तिच्या शरीरात कठीण कवचाऐवजी केवळ सूक्ष्म चुनखडी कण का उरले, याचा खुलासा त्यातून होतो. आतड्याच्या पुनर्निर्मितीच्या वेळी सक्रिय होणारा एक जनुकसमूहही याच अभ्यासात सापडला.

उष्म्याचा ताण

‘अपोस्टिकोपस जापोनिकस’ ही थंड पाण्यात वाढणारी जात आहे. १० ते १७ अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. पाणी २५ अंशांच्या आसपास तापले, की ती खाणे थांबवते. तिचे आतडे आकसते, चयापचय मंदावते आणि ती ग्रीष्मनिद्रेत जाते. काही प्राणी थंडीत शीतनिद्रा घेतात, त्याचाच हा उलट प्रकार म्हणता येईल. या काळात पेशींतील प्रथिनांना उष्णतेपासून जपणारी विशेष प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात. ही सारी व्यवस्था नेहमीचा उन्हाळा निभावून नेण्यासाठी आहे. तापमान त्याहून वाढले अथवा उन्हाळा लांबला, की ती अपुरी पडते.

उष्मा एकटा येत नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तर जिवाणूंची वाढ वेगाने होते. कंटकचर्मी प्राण्यांना शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतंत्रपणे राखता येत नसल्याने, जोरदार पावसाने तलावातील पाण्याची क्षारता घटली तरी त्यांना धोका असतो. असे अनेक ताण एकत्र आले, की प्रतिकारशक्ती खालावते. चीनमधील संवर्धन केंद्रांत आढळणाऱ्या त्वचाव्रण रोगात तोंडाभोवती सूज येते, अंगावर पांढरे व्रण पडतात आणि शेवटी शरीर अक्षरशः विरघळू लागते. ‘व्हिब्रिओ स्प्लेंडिडस’ हा जिवाणू या रोगाच्या प्रमुख कारणांपैकी एक मानला जातो.

या धोक्याचे मोठे उदाहरण २०१८ च्या उन्हाळ्यात दिसले. उत्तर चीनच्या लिआओनिंग प्रांतात उष्णतेच्या लाटेने संवर्धन तलावांतील समुद्रकाकड्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. सुमारे ६८ हजार टनांचे नुकसान झाल्याचा अंदाज प्रांताच्या प्रशासनाने दिला होता. उष्णता सोसणारे वाण निवड पद्धतीने तयार करण्याचे प्रयत्न चीनमध्ये होत आहेत. मोकळ्या समुद्रातील समुद्रकाकड्यांसाठी मात्र असा उपाय उपलब्ध नाही.

सागरतळाचे गांडूळ

शेतात गांडूळ जे काम करते, तेच काम अनेक जातींच्या समुद्रकाकड्या सागरतळावर करतात. वाळू गिळायची, तिच्यातील सेंद्रिय द्रव्य आणि जिवाणू पचवायचे आणि स्वच्छ वाळू मागे टाकायची, हा त्यांचा नित्यक्रम. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील हेरॉन बेटाच्या प्रवाळ खडकावर ‘होलोथुरिया आट्रा’ ही एकच जात वर्षाला ६४ हजार टनांहून अधिक गाळ उपसते, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला.

ही साफसफाई थांबली तर काय होते, याचे उत्तर फ्रेंच पॉलिनेशियातील मूरिआ बेटाजवळच्या प्रयोगाने दिले. तेथे संशोधकांनी तळाच्या काही भागांतून समुद्रकाकड्या काढून टाकल्या आणि अन्य भागांत त्या तशाच ठेवल्या. जेथून त्या काढल्या होत्या, तेथे प्रवाळांच्या ऊती मरण्याचे प्रमाण तिपटीने वाढले आणि संपूर्ण वसाहत मरण्याचे प्रमाण १५ पट झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे समुद्रकाकड्यांची पकड आणि प्रवाळांचे रोग यांतील संबंध प्रत्यक्ष प्रयोगातून पुढे आला.

भारतातील स्थिती

भारतात मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान हे समुद्रकाकड्यांचे महत्त्वाचे अधिवास आहेत. ‘होलोथुरिया स्कॅब्रा’ या मौल्यवान जातीची पिल्ले कृत्रिम प्रजननाने तयार करण्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन येथील शास्त्रज्ञांना १९८८ मध्ये यश आले होते. ७५ मिलिमीटरहून लहान समुद्रकाकड्या पकडण्यास १९८२ मध्ये मनाई झाली. २००१ मध्ये सर्व जातींचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात झाला आणि पकड पूर्णपणे बंद करण्यात आली. लक्षद्वीपमध्ये २०२० साली समुद्रकाकड्यांसाठी खास राखीव क्षेत्र जाहीर झाले. तरीही शेजारच्या श्रीलंकेत परवान्याने पकड चालत असल्याने मन्नारच्या आखातातून होणारी तस्करी थांबलेली नाही. दुसरीकडे, बंदीमुळे उपजीविका गेलेल्या मच्छीमारांनी मर्यादित पकडीची मागणी सातत्याने केली आहे.

या वादाचा निर्णय जीवशास्त्राकडे दुर्लक्ष करून घेता येणार नाही. बहुतेक जातींत नर व मादी आपापली प्रजननद्रव्ये पाण्यात सोडतात आणि फलन शरीराबाहेर होते. प्राणी विरळ झाले, की शुक्राणू व अंडी यांची गाठच पडत नाही. त्यामुळे पकड थांबवल्यानंतरही संख्या लवकर वाढत नाही. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्या दरम्यानच्या टोरेस सामुद्रधुनीत ‘होलोथुरिया स्कॅब्रा’ची पकड १९९८ मध्ये बंद झाली, पण पुढे कित्येक वर्षे तेथील साठा पूर्ववत झाला नाही. गमावलेले आतडे काही आठवड्यांत पुन्हा घडवणाऱ्या या प्राण्याला विरळ झालेली वस्ती भरून काढण्यास कित्येक वर्षे लागतात. पकड खुली करायची की बंदी कायम ठेवायची, हे ठरवताना हा फरक ध्यानात घ्यावा लागेल.