दिल्लीची झाडं: साहेबाची आणि कारकुनाची

पावसाळ्याच्या तोंडावर दिल्लीला गेलात तर इंडिया गेटच्या आसपास जांभळाखाली चादर ताणून उभी असलेली माणसं दिसतील. एक जण वर चढून फांद्या हलवतो, बाकीचे फळं झेलतात. ही जांभळं आपोआप उगवलेली नाहीत. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवायचं जाहीर झालं, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं. मधल्या वीस वर्षांत इमारतींबरोबर रस्त्यांची झाडंही ठरली. एका रस्त्याला कडुनिंब, दुसऱ्याला चिंच, तिसऱ्याला अर्जुन. काम देखणं, पण साहेबांच्या बंगल्यांपुरतं.

कारकुनांची दिल्ली वेगळी. स्वातंत्र्यानंतर सरोजिनीनगर, नेताजीनगर, आपल्या दादाभाईंच्या नावाचं नौरोजीनगर अशा वसाहती झाल्या. बुटके क्वार्टर, मध्ये मोकळी जागा, तिथे साठेक वर्षांत कडुनिंब-पिंपळ छपरांच्या वर गेले. अशा सात वसाहती पाडून टॉवर बांधायचं ठरलं, त्यात चौदा हजारांवर झाडं जाणार होती. जून २०१८ मध्ये लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि उच्च न्यायालयात तोड थांबली. नौरोजीनगरातली बरीचशी तोवर पडली होती. पुढच्याच वर्षी आरेत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल: ऑक्टोबरच्या रात्री करवती चालल्या, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. महाराष्ट्रात झाडांचा कायदा १९७५ चा, दिल्लीत १९९४ चा. करवत दोन्हींपेक्षा चपळ.

झाडं गेली तर हॉर्नचा गोंगाट वाढेल, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. खरं सांगायचं तर रस्त्याकडेची एक रांग आवाज फारसा अडवत नाही. त्याला रुंद, दाट पट्टा लागतो. झाडाबरोबर जातो तो दुसरा आवाज. दिल्लीत आजही राखी धनेश दिसतो, कर्कश ओरडत या झाडावरून त्या झाडावर जातो. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ चिणून घेते, फटीतून नर तिला भरवतो. तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपं लावा, असं दिल्लीचा नियम सांगतो. त्या दहांपैकी एकातही ढोली नसते.