हजेरीतले नाव

मी पडलो शाळामास्तर. हजेरीपटाशी रोजची गाठ. म्हणूनच काळ्या समुद्राकाठची ही हकीकत मला विसरवत नाही. १८४० साली उपासमारीने गांजलेले सर्केशियन झारच्या किनाऱ्यावरील गढ्यांवर तुटून पडले. मिखाइलोव्स्की गढी हातची जाताच आर्खिप ओसिपोव्ह या शिपायाने दारूकोठाराला बत्ती दिली. पुढे त्याच्या पलटणीत हजेरीला त्याचे नाव आधी पुकारीत, आणि दुसरा शिपाई ‘रशियाच्या कीर्तीसाठी पडला’ अशा अर्थाचे उत्तर देई. शौर्य खरेच! पण त्याच स्फोटात उडालेल्या डोंगरी माणसांची हजेरी कोणी घेतली? १८६४ मध्ये त्यांचा देशच गेला. लाखो लोक गलबतांतून तुर्कस्तानात गेले, कित्येक वाटेतच मेले. गढीच्या जागी आज गाव आहे. त्याचे नाव आर्खिपो-ओसिपोव्का.