पूल बंद झाला की लोक नेमके कशावर चिडतात?

मुंबईचा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री बंद झाला. बातमी मुंबईची, पण जळगाव-धुळ्याकडे ती वेगळ्याच कारणाने वाचली गेली. तो पूल परळला प्रभादेवीशी जोडायचा, आणि परळ म्हटलं की आपल्या माणसाला गिरणगाव आठवत नाही, टाटा आठवतं. केईएम, वाडिया आठवतं. खान्देशातल्या कुठल्याही गावात जा, कॅन्सरची फाइल हातात घेऊन रात्रीच्या गाडीने दादरला उतरलेलं एक तरी घर सापडेल. त्यामुळे पूल बंद झाल्यावर मला पहिला प्रश्न आला तो असा : "भाऊ, मग टाटाला जायचं कसं?" त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी पुलाची गोष्ट, कारण ती ऐकताना तुम्हाला आपला शिवाजीनगरचा पूल आठवल्याशिवाय राहणार नाही.

एल्फिन्स्टन पूल १९१३ चा. नाव पडलं लॉर्ड एल्फिन्स्टनवरून, जो १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. पुलाखालून एका बाजूला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या बाजूला मध्य रेल्वे. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की माणसांचा लोंढा याच पुलावरून जायचा. गिरण्या गेल्या, त्या जागी काचेचे टॉवर आले, गर्दी मात्र तीच राहिली, उलट वाढली. शेजारच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल उभा करावा लागला. पुढच्या वर्षी स्टेशनचं नावही बदलून प्रभादेवी झालं.

आता जुना पूल पाडून तिथे दुमजली पूल होणार आहे. शिवडीहून वरळीला जाणारा साडेचार किलोमीटरचा उन्नत रस्ता त्यावरून जाईल, म्हणजे अटल सेतूवरून उतरलेली गाडी थेट वरळीला. काम मोठं आहे आणि पूल शंभरी ओलांडलेला, यात कोणाचं दुमत नव्हतं. मग रहिवासी रस्त्यावर का उतरले?

एप्रिल २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांनी पर्यायी मार्गांचा आराखडा जाहीर केला, सूचना-हरकती मागवल्या. मग २५ एप्रिलला रात्री पूल बंद करायचं ठरलं. त्या रात्री लोक पुलाशी जमले, घोषणा दिल्या आणि बंद करायला आलेल्यांना परत जावं लागलं. काही वाहिन्यांनी दाखवलं की रहिवाशांचा वाहतूक बदलाला विरोध. पण त्यांचं मुख्य भांडण वाहतुकीचं नव्हतंच. नव्या पुलाच्या आराखड्यात पहिल्यांदा १९ इमारती येत होत्या. नंतर आराखडा बदलून दोनवर आला : लक्ष्मी निवास आणि हाजी नूरानी चाळ. ८३ कुटुंबं. त्यांचं म्हणणं, आम्हाला कुठे घर देणार ते कागदावर द्या, आणि ते इथेच द्या, मग पूल पाडा. एकदा पूल पडला, मशिनरी आली, की चाळीचं कोण ऐकतं? रस्ता बंद करू न देणं एवढंच एक हत्यार त्यांच्या हातात होतं. मला तरी त्यात चुकीचं काही दिसत नाही. पूल शेवटी साडेचार महिन्यांनी बंद झाला.

बंद झाल्यावर जे निर्बंध आले ते बघा. करी रोडचा पूल सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने, दुपारी ३ ते रात्री ११ उलट दिशेने, आणि रात्री दोन्हीकडून. बाकीचा भार दादरच्या टिळक पुलावर आणि चिंचपोकळीकडे. म्हणजे सकाळी ज्या रस्त्याने गेलात त्या रस्त्याने संध्याकाळी परत येता येतं, पण दुपारी दोनला मध्येच यायचं झालं तर वळसा. ऑफिसवाल्याला हे जमतं. शाळेची व्हॅन, घरपोच सामान आणणारा पोरगा, डायलिसिसला जाणारा म्हातारा, यांचं दुपारचं काम असतं, त्यांना नाही जमत. वेळापत्रक कागदावर छान दिसतं. करणाऱ्याच्या डोळ्यासमोर ऑफिसची गर्दी असते, गल्लीतला माणूस नसतो.

शेजारच्या लोअर परळला याच्या आधी हेच होऊन गेलंय. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर कोसळला, मग सगळीकडे तपासण्या झाल्या आणि त्याच महिन्यात लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद केला. तो पूर्ण उघडला नोव्हेंबर २०२३ मध्ये. पाच वर्षं! शेवटी तर अशी गंमत झाली की काम जवळपास झालेलं, पण उद्घाटन होत नाही. विरोधी पक्षाच्या नेत्यांनी रात्री जाऊन एक बाजू सुरू करून टाकली, आणि महापालिकेने त्यांच्यावर गुन्हा दाखल करायला लावला. लोकांना उद्घाटनाचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना घरी लवकर जायचं होतं.

गोखले पुलाचीही तीच कथा. २०२२ च्या नोव्हेंबरात वाहतुकीला पूर्ण बंद, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, आणि तेव्हा लक्षात आलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाची पातळी आणि नव्या पुलाची पातळी जुळतच नाही. जवळपास माणसाच्या उंचीएवढा फरक. नंतर तो जुळवला, पण सव्वा वर्ष वळसा घालणाऱ्या माणसाने हे बघून काय म्हणायचं?

आता आपल्याकडे या.

जळगावातून रेल्वे गेली ती १८६० च्या दशकात. आधी जी. आय. पी. ची भुसावळकडे जाणारी लाइन, मग १९०० च्या आसपास तापी व्हॅलीची सुरतेकडची. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व-पश्चिम भाग झाले आणि जळगाव पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण झालं. कापसाचा बाजार, कचेऱ्या, कोर्ट, सगळं रुळांच्या एका अंगाला, आणि आमचं असोदा, ममुराबाद, पुढे यावल-चोपडा दुसऱ्या अंगाला. असोद्याच्या लेकी जळगावात दिल्या जायच्या (सर्वांत मोठं नाव बहिणाबाईंचं, १८८० चा जन्म, माहेर असोदा, सासर जळगाव), पण गावात यायचं तर रूळ ओलांडायचेच. म्हणून इंग्रजांनी बांधलेला शिवाजीनगरचा पूल हा आमच्याकडच्यांसाठी नुसता पूल नव्हता, शहरात शिरायचा दरवाजा होता.

तो २०१९ च्या फेब्रुवारीत बंद केला. शंभरी उलटलेली, पाडणं गरजेचं होतं, त्यावर कुणीच वाद घातला नाही. वाद झाला तो नवा पूल 'टी' आकाराचा की 'एल' आकाराचा यावर. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण एक फाटा कमी झाला तर कुणाच्या दुकानासमोरून वाहतूक जाणार आणि कुणाला वळसा पडणार, हे त्या अक्षरात ठरत होतं. शिवाजीनगरवाल्यांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. वाहतूक सुरत गेट आणि असोदा गेटवर वळवली. गेट पडलं की इकडे रिक्षा, तिकडे ट्रॅक्टर, मध्ये कॉलेजची पोरं. काही जण सरळ रूळ ओलांडायचे, जीव मुठीत घेऊन. काम ठरल्या मुदतीत झालं नाही, मध्ये कोरोना आला, तारखा पुढे गेल्या. चहाच्या टपरीवर रोजचा प्रश्न एकच : "काय भो, पूल कधी होईन?" आणि उत्तर कुणाकडेच नसायचं.

ही सगळी उदाहरणं शेजारी ठेवली की मला एक गोष्ट दिसते. पूल बंद करण्यावर लोक फार चिडत नाहीत. आपला माणूस वळसा घालतो, सवय करून घेतो, पेट्रोल जाळतो आणि गप्प बसतो. तो चिडतो ते तारीख तिसऱ्यांदा बदलल्यावर, पायी जाणाऱ्याचा विचारच झालेला नाही हे दिसल्यावर, आणि निर्णय झाल्यानंतर आपल्याला बोलावल्यावर.

कायद्याचंही जरा बघू. असे निर्बंध बहुतेक वेळा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली येतात. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्या-पुलाची अवस्था बघून सरकारला, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, वाहनांवर बंदी घालता येते. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी द्यायला हवी, असं कलमात आहे. महिन्याच्या वर गेली तर राजपत्रात अधिसूचना लागते. लोकांना आधी विचारा, असं या कलमात कुठेही नाही. पण तुमच्या गल्लीत उद्या बॅरिकेड लागलं तर आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुदत विचारा. मुदत विचाराच. हा प्रश्न विचारला की साहेब लोक एकदम नीट बोलायला लागतात, हा माझा वीस वर्षांच्या बातमीदारीतला अनुभव.

आता टाटाचं. घाबरू नका. दादरला उतरलात की मध्य रेल्वेची धीमी लोकल धरा, पुढचंच स्टेशन परळ. पूर्वेला बाहेर पडा, केईएम आणि टाटा त्याच बाजूला आहेत, बंद पूल तुमच्या वाटेत येतच नाही. दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्यांनाही अडचण नाही. अडचण येते ती नातेवाइकाकडे प्रभादेवी, वरळीला मुक्काम असेल तर. तिथून टॅक्सी टिळक पुलाने नाहीतर करी रोडने फिरून येते, आणि करी रोडला दुपारी तीनला दिशा बदलते. अपॉइंटमेंट दुपारची असेल तर तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा.