चहा, तोही राजवाड्यात

उचगावकराला हॉटेल म्हणजे काय ते सांगायला नको. तावडे हॉटेल! म्हणजे चौक, थांबा आणि ट्रकांची घरघर. त्याच चौकात डोळे मिटा. उघडा. साल १९८७, गुऱ्हाळं ऐन भरात, आणि बुडाखाली थोरल्या भावाची सायकल.

मारा पायडल. दोन्हीकडं ऊस. काहिलीत रस रटरटतोय, चुलवाणाचा धूर डोळ्यांत जातोय. मार्केट यार्डावरून गुळाचा वास असा दाट येतो की जीभ आपोआप ओठांवरून फिरते. पुढं बैलगाड्यांची रांग. घंटी वाजवून उपयोग नाही, बैल ऐकत नाहीत. गंगावेशीत रस्त्यातच म्हशी पिळतायत. पेलाभर धारोष्ण दूध घ्या, मिशीला फेस राहू द्या.

हा रंकाळा. काठाला म्हशी डुंबतायत, धुणं आपटतंय. पाण्यापलीकडं काळ्या दगडाचा शालिनी पॅलेस, मनोऱ्यावर घड्याळ. १९३१ ते १९३४ मध्ये आठ लाख रुपये ओतून बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा. आजवर तो तुम्ही लांबूनच पाहिला, भेळ खात. यंदा तिथं हॉटेल झालंय. म्हणजे पैसे टाकले की आत!

खिशातली दहाची नोट पुन्हा चाचपा. चपला करकर वाजतात. गावात याच आवाजाची ऐट मिरवता, इथं इटालियन संगमरवरावर तोच जिवावर येतो. काढाव्यात का? देवळात काढतात, हॉटेलात नाही, पण राजवाड्यात? फरशीचा गारवा पोटऱ्यांपर्यंत चढतोय. दाराच्या बेल्जियम काचेवर संस्थानचं राजचिन्ह कोरलंय, आणि त्यावरच तुमचा मिशीला फेस लागलेला चेहरा उमटलाय. पुसा.

"काय आणू, साहेब?"

मागं वळून बघू नका, तुम्हालाच विचारलंय. ओठांवर आलेलं "कट आहे का?" गिळा.

"च्या... चहा."

किटली वेगळी, दूध वेगळं, साखर वेगळी. चहाचे सुटे भाग आलेत, जोडायचे तुम्ही. जोडा. बशीत ओता. फुर्र! आवाज थेट छतापर्यंत जातो. दोन माना वळतात. दुसऱ्या घोटाला जरा दबकून.

बाहेर उतरत्या उन्हात संध्यामठ. पल्याडच्या काठावर ठिपक्याएवढी माणसं भेळ खात इकडंच बघतायत.

बिल येतंय. नोट इतक्यात काढू नका, आधी आकडा बघा.