ऊसपिकातील संजीवके

ऊसपिकातील संजीवके : उसाची उगवण, फुटवे, पेऱ्यांची लांबी, तुरा आणि पक्वता यांचे नियमन करण्यासाठी अत्यल्प मात्रेत वापरली जाणारी द्रव्ये. ही खते नव्हेत. पिकाने तयार केलेले अन्न कोठे आणि केव्हा खर्ची पडावे, एवढेच ती ठरवतात; त्यामुळे कोणते संजीवक दिले याइतकेच ते कोणत्या वयाच्या उसाला दिले, हे महत्त्वाचे.

इथेफॉनवरून हे स्पष्ट होते. पेशीत शिरल्यावर त्याचे विघटन होऊन इथिलीन वायू सुटतो. लागणीपूर्वी टिपऱ्या त्याच्या 100 पीपीएम द्रावणात रात्रभर भिजवल्या, तर डोळे लवकर फुटतात आणि फुटवेही वाढतात. तेच द्रव्य तुऱ्याचा कोंब धरण्याआधी फवारले तर तुरा रोखला जातो, आणि तोडणीच्या काही आठवडे आधी फवारले तर शेंड्याची वाढ मंदावून कांड्यांत साखर साठते. तुरा रोखायचा तो यासाठी, की तुरा आलेल्या उसाची उंची तिथेच थांबते. तोडणी लांबली की पांगशा (कांड्यावरील डोळ्यांचे फुटवे) फुटतात, दशी पडते म्हणजे कांडे आतून पोकळ होते आणि वजन घटते.

पेऱ्यांची लांबी वाढवते ते जिबरेलिक आम्ल. भाताची रोपे अवाजवी उंच करणाऱ्या बुरशीचा अभ्यास करताना कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने 1926 मध्ये तिच्या स्रावाचा हा गुण दाखवला. याबुता यांनी 1935 मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेतील प्रयोगांत इथेफॉनची बेणेप्रक्रिया आणि त्यानंतर 90, 120 व 150 दिवसांनी 35 पीपीएम जिबरेलिक आम्लाची फवारणी, अशी जोड दिली गेली. 200 लिटर पाण्याला हे प्रमाण अवघे 7 ग्रॅम शुद्ध द्रव्य भरते. ही पूड पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी लागते. द्राक्षबागायतदारांच्या हे अंगवळणी पडलेले आहे. उसाच्या पट्ट्यात मात्र पूड थेट पंपात टाकली गेली, तर खर्च वाया जातो.

फवारणीच्या वेळी वाढत असलेली पेरीच लांबतात, पक्की झालेली नव्हे. पाण्याचा ताण किंवा नत्राची कमतरता असल्यास तेवढाही परिणाम दिसत नाही. उलट, मोठी बांधणी (बुंध्याला मातीची भर) कच्ची राहिलेल्या शेतात उंचावलेला ऊस लोळतो, जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या फुटतात, उंदीर लागतात. पक्वतेच्या काळात वाढ करणारे संजीवक देणे तर निव्वळ चूक : साखर साठण्याऐवजी वाढीत खर्च होते. शेतकऱ्याला वजनावर पैसे मिळतात, पण दर कारखान्याच्या साखर उताऱ्याशी बांधलेला असतो, हे येथे विसरता येत नाही.

भारतात जिबरेलिक आम्ल व इथेफॉन यांची नोंदणी कीटकनाशक कायदा, 1968 खाली होते. जैव उत्तेजके 2021 पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. घटकद्रव्य आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर छापलेले नसेल, तर ते ‘टॉनिक’ उसावर फवारू नये.