आंबोलीचा पाऊस समुद्रात जाऊन खरंच ‘वाया’ जातो का?

जून उजाडला की आंबोलीच्या धबधब्याचे रील फिरायला लागतात, आणि सोबत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “एवढं पाणी समुद्रात वाया जातं!” आंबोलीत वर्षाला साधारण ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक, त्यामुळे असं वाटणं साहजिकच आहे.

पण या पावसाच्या वाटा दोन आहेत. घाटमाथ्यावर उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला वळते, पुढे घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात पोहोचते. पश्चिमेच्या कड्यांवरून कोसळणारं पाणी मात्र तेरेखोल नदीत उतरतं आणि बांद्यावरून अरबी समुद्राकडे जातं. पहिल्या वाटेवर धरणं आहेत, ऊस आहे, म्हणून तिला कुणी ‘वाया’ म्हणत नाही. तो शिक्का बसतो तो दुसऱ्या वाटेवर.

नदीची खाडी होते तेव्हा

आरोंदा आणि किरणपाणी ही गावं समोरासमोर आहेत, एक महाराष्ट्रात, दुसरं गोव्यात. मधून वाहते ती तेरेखोल, पण इथे ती नदी राहिलेली नसते, तिची खाडी झालेली असते. नदीचं गोडं पाणी आणि भरतीबरोबर आत शिरणारं खारं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं, ती खाडी.

अशा खाड्यांचा सखोल अभ्यास शेजारच्या गोव्यात झाला आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, आणि मांडवी व झुआरी या नद्या तिच्या दारातच समुद्राला मिळतात. व्ही. विजित, डी. सुंदर आणि सतीश शेट्ये या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं, की या खाड्या पाठ्यपुस्तकातल्या खाड्यांसारख्या वागत नाहीत. वर्षभर पाणी असणाऱ्या नदीत गोड आणि खाऱ्याचा समतोल कुठेतरी साधला जातो. इथे मात्र वर्षाचं बहुतेक पाणी तीन-चार महिन्यांत येतं, आणि तेही खाडीत मावेल त्याच्या कित्येक पट. उरलेले आठ महिने नुसती धार. त्यामुळे खाडीचा खारटपणा कधी स्थिर होतच नाही. भर पावसात नदी समुद्राला पार मुखापर्यंत ढकलून देते. पाऊस ओसरला की भरती रोज थोडं थोडं खारं पाणी आत सरकवत राहते, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. अशा खाड्यांना त्यांनी ‘मान्सूनी खाड्या’ म्हटलं.

किनाऱ्यावरचं जगणं याच चढउतारावर बेतलेलं आहे. कोळंबीच्या बऱ्याच जाती अंडी समुद्रात घालतात, पण पिल्लं वाढतात खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात. कालवं, तिसऱ्या, कांदळवन, सगळ्यांना दोन्ही पाणी लागतं. खाजण शेतातही पावसाचं पाणी मातीतलं मीठ धुऊन काढतं, तेव्हाच तिथे कोरगुटसारखा खारटपणा सोसणारा भात उभा राहतो. पाणी वर अडवलं किंवा वळवलं, तर खारं पाणी आणखी आत येतं. रेती उपसून पात्र खोल केलं तरी तेच होतं. म्हादई, म्हणजेच मांडवी, पूर्वेकडे वळवायला गोव्याचा विरोध आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. त्या तंट्यात लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, पण भांडण काही मिटलेलं नाही.

मग जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं?

तसंही नाही. नदीतून आलेलं आणि समुद्रावर पडलेलं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. हा थर जेमतेम पाच-दहा मीटर जाडीचा, पण वरची हवा खाली पोहोचू न द्यायला तेवढा पुरतो. त्याच काळात खोल समुद्रातलं, मुळातच कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर येत असतं. ते या सायीखाली अडकतं. वरून पडणारे मेलेले सूक्ष्मजीव तिथे कुजतात आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळ तो काही ठिकाणी शून्यावर येतो. माशांना तिथून पळता येतं, तळाला रुतून राहणाऱ्या जीवांना नाही.

एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं. कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरलेल्या एका जागी १९९७ पासून पाण्याचे नमुने घेतले जात आहेत. ऑक्सिजन संपलेल्या या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायूही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हा ऑक्सिजनचा तुटवडा वाढत असावा आणि जमिनीवरून वाहून येणाऱ्या नायट्रोजनचा त्यात हात असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. त्यात शेतातलं रासायनिक खतही आलं. म्हणजे पाणी किती येतं याइतकंच ते सोबत काय घेऊन येतं, हेही पाहावं लागतं.

पावसाळा सरल्यावर वारे फिरतात, खोलातलं पाणी वर येणं थांबतं आणि डिसेंबरपर्यंत तळाशी पुन्हा ऑक्सिजन पोहोचतो. तोवर आंबोलीचे धबधबे बारीक झालेले असतात, आणि तेरेखोलच्या खाडीत भरतीचं खारं पाणी बांद्याच्या दिशेने सरकायला लागलेलं असतं.