उजेडाचे घर

राजूरच्या घरांची गोष्ट वणीपासून सुरू करावी लागते. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्याच नावाने ओळखला जाई. आणि त्या वणीजवळच्या राजुरास नाव मिळाले ते जमिनीखालच्या कोळशामुळे नि चुन्याच्या भट्ट्यांमुळे. पाळीभर अंधारात राबून वर आलेल्या माणसाला घरात उजेड हवा, दारात सावली हवी, ही आम्ही चैन मानीत नाही.

जुन्या वऱ्हाडी घराला खिडक्या थोड्या, म्हणून ते अडाणी, असे शहर पाहून आलेले लोक म्हणत. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो त्या मुलखात मोठी खिडकी म्हणजे उन्हाच्या झळांना आमंत्रणच! म्हणून भिंती मातीच्या नि जाड, वर कवेलू, पुढे सपरी. उजेड यायचा तो अंगणातून, वाड्यात चौकातून. उन्हाळ्याच्या रात्री बाजा अंगणातच पडत. मात्र या घराचे गोडवे गाताना दोन गोष्टी झाकू नयेत. धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात बाईच्या वाट्याला उजेड आला नाही; आणि अंगणातून सपरीवर कोणी चढावे, हे जात ठरवी.

१९३६ साली शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी सेवाग्रामला राहावयास गेले. मीराबेनसाठी बांधलेली कुटी पुढे बापूकुटी झाली. माती, बांबू, कवेलू, सारे गावचेच. पण पडव्या ऐसपैस, वारा खेळता, आणि भिंतीवर मीराबेननी उठावात घडविलेले ताडाचे झाड.

पुढे १९८०च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी नव्या मुंबईत बेलापूरला सात-सात घरे एकेका सामाईक चौकाभोवती मांडली. प्रत्येक घराला स्वतःचे उघडे अंगण. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे पैसा येईल तशी खोली वाढवावी. कित्येकांनी पुढे ती घरे पाडून सिमेंटची उठवली, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या कोळसापट्ट्यात अडचण निराळी. खिडकी उघडली की उजेडाबरोबर धूळ आत येते. तुळशीच्या पानावर बोट फिरवले तर काळे होते. तेव्हा नकाशा काढणाऱ्याने आधी वारा कोठून येतो ते पाहावे, त्या बाजूस कडुनिंबाची दाट रांग लावावी, आणि अंगण रस्त्याकडे न ठेवता आत घ्यावे. उन्हासाठी बांधलेला चौक असा धुळीसाठी पुन्हा उपयोगी पडतो. रस्त्यावर पाणी मारणे नि ट्रकवर ताडपत्री घालणे, ही कामे मात्र घरमालकाची नव्हेत.